रामन यांची कचेरी आणि प्रयोगशाळा

प्रश्न : सी. व्ही. रामन तरुणपणी सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते आणि काही काळ आमच्या नागपुरातही होते, असं वाचलं. मग त्यांनी संशोधन केलं तरी कधी? नोकरी एका दिशेला आणि आपलं ध्येय दुसऱ्या, असा मेळ आज बसेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बरोबर वाचलंत. १९०७ साली रामन कलकत्त्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले. संशोधनावर पोट भरेल अशा जागा तेव्हा आपल्याकडे जवळपास नव्हत्याच. बोबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापलेली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था त्यांना सापडली. सकाळी कचेरीआधी ते तिथे जात आणि कचेरी सुटली की पुन्हा तिथेच. तारांची कंपनं, वाद्यांचे नाद यांवरचं त्यांचं काम याच वेळात झालं. मध्ये रंगून आणि नागपूरला बदली झाली, १९११ मध्ये ते परतले.

या गोष्टीत आपण रामन यांची चिकाटी पाहतो. मला तेवढीच महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. खात्याला चोख हिशेब हवे होते. संध्याकाळी हा अधिकारी काय करतो, याच्याशी खात्याचं भांडण नव्हतं. तरीही उरलेला वेळ अपुराच पडत होता. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद त्यांनी कमी पगारावर स्वीकारलं. १९२८ चा ‘रामन परिणाम’ त्यानंतरचा.

र. धों. कर्वे यांना मात्र असा मेळ शक्यच नव्हता. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत आणि बाहेर संततिनियमनाचा प्रचार करत. मिशनऱ्यांनी चालवलेल्या कॉलेजला तो प्रचारच नको होता. म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि खटले, दंड, पैशांची ओढाताण सोसून ते १९५३ पर्यंत, अखेरपर्यंत चालवलं. अशा वेळी तडजोड शोधत बसण्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरखर्चाची सोय बघूनच राजीनामा द्यावा. कर्व्यांच्या घराने सोसलं ते प्रत्येक घराला झेपेलच असं नाही.

तुमचं कोणतं, हे आधी ठरवा. मालकाला तुमच्या कामाचं सोयरसुतक नाही, की त्याचा विरोध आहे? पहिलं असेल तर आजही वाट आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत मानद समाजकार्य आणि प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक वा वैज्ञानिक कामाला मुभा आहे. अट अशी की कर्तव्यात कसूर होता कामा नये आणि सरकारने सांगितलं तर ते काम थांबवायला हवं. खासगी कंपन्यांचं तसं नाही. बाहेरचं काम करण्यावर बंदी, तुम्ही शोधलेल्या गोष्टीवर कंपनीचा हक्क, अशी कलमं पुष्कळ ठिकाणी असतात. तेव्हा पहिला प्रयोग करण्याआधी तुमचं नियुक्तिपत्र काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.