पांढरीची माती कोण वाचतो?

आपल्याकडे गावच्या जमिनीला दोन नावे आहेत. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन.

पांढरी पांढरी का होते? माणसे एका जागी शेकडो वर्षे नांदतात. चुलीची राख पडते. गुरांचे शेण पडते. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावर नव्या भिंती उठतात. असा थरावर थर चढतो. माती भुरकट होते. जागा उंच होते. पुढे कधी पूर येतो, कधी दुष्काळ पडतो. लोक गाव सोडून जातात. घरे जातात, टेकाड राहते.

अशी टेकाडे आपल्या नद्यांच्या काठी पुष्कळ आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावरून खापरे वाहून येतात. कधी मणी सापडतो, कधी हाड. आपण ते पाहतो आणि पुढे जातो. त्या टेकाडाची माती धाब्यावर टाकायला चांगली, लिंपायला चांगली, शेतालाही चांगली. म्हणून गाड्या भरभरून ती नेतात. अलीकडे तर ट्रॅक्टर आणि जेसीबी आले. जे टेकाड हजार वर्षांत उभे राहिले ते आठ दिवसांत सपाट होते.

माती गेली तर काय गेले? हेच या पाठात पाहू.

माती कशी वाचतात

तुम्ही आता अक्षरे वाचता. पूर्वी तीच अक्षरे तुम्हाला नुसत्या रेघा वाटत. मातीचेही तसेच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ती धूळ. ज्याला वाचता येते त्याला ते पुस्तक.

कणगीत आधी ओतलेले धान्य तळाशी राहते, मागून ओतलेले वर राहते. टेकाडातही खालचा थर जुना आणि वरचा थर नवा. म्हणून हे जाणकार लोक भराभर खणत नाहीत. जागेचे चौकोन आखतात. खुरपीने आणि कुंचल्याने एक एक थर काढतात. माती चाळतात. खापर कोणत्या चौकोनात, किती खोल सापडले, ते वहीत लिहितात. त्याचा नकाशा काढतात, फोटो घेतात.

काळ कसा कळतो? एक उपाय कोळशाचा आहे. लाकडात एक प्रकारचा कार्बन अगदी थोडा असतो. झाड मेले की तो ठरलेल्या गतीने घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. जुन्या चुलीतला कोळसा तपासला की लाकूड किती जुने ते कळते.

या विद्येला पुरातत्त्व म्हणतात.

इनामगावने काय सांगितले

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि त्यांचे सोबती या कामात होते. शंभराहून अधिक घरांच्या खुणा मिळाल्या. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तेथे शेतकरी राहू लागले होते.

ते जव पिकवीत, गुरे पाळीत. त्यांनी बांध घातला होता आणि पाण्याचा पाट काढला होता. लहान मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्या भुईखालीच पुरीत. पोटचे मूल घरापासून दूर नको, असे त्या आईबापांना वाटत असेल का? मडकी बोलत नाहीत. पण ती पाहून मन भरून येते.

आधीची घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात लहान गोल झोपड्या लागल्या. शेती घटलेली दिसली, शिकार वाढलेली दिसली. पाऊस कमी झाला आणि लोक गरीब झाले, असे ढवळीकरांनी यावरून अनुमान काढले. सुमारे २,७०० वर्षांपूर्वी ती वस्ती उठली.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचे हाल कोणत्या पोथीत लिहिले आहेत? कोणत्याच नाही. ते फक्त त्या मातीत लिहिले होते. ती माती कुणी गाडीत भरून नेली असती तर ही हकीकत कायमची गेली असती.

जागेवरून हललेली वस्तू

दुसरे गाव दायमाबाद. ते अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी आहे. १९७४ साली तेथे एक गावकरी झुडपाचे मूळ खणत होता. खाली चार जड वस्तू लागल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही वस्तू काशाच्या. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. असा ठेवा देशात क्वचितच मिळतो.

पण त्या वस्तू शास्त्रीय उत्खननात निघाल्या नाहीत. नेमक्या कोणत्या थरात होत्या, शेजारी काय होते, हे कुणी टिपले नव्हते. म्हणून त्या किती जुन्या, यावर विद्वानांत वाद झाला. त्या गावकऱ्याचा यात दोष नाही. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते. आपण मात्र यातून शिकू. वस्तू जागेवर असते तोवर बोलते. उचलली की अर्धी मुकी होते.

जिवंत माणसांचा अभ्यास

पुरातत्त्वाची एक बहीण आहे. तिचे नाव मानवशास्त्र. पुरातत्त्व गेलेल्या माणसांच्या वस्तू पाहते. मानवशास्त्र जिवंत माणसांत जाऊन बसते. लग्ने कशी जुळतात, नाती कशी सांगतात, कोण काय खातो, कोणता देव पुजतो, हे ते विचारते. माणसांच्या शरीराचाही अभ्यास करते.

या विद्येत इरावती कर्वे (१९०५ ते १९७०) यांचे नाव मोठे. त्या जर्मनीत शिकल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव, पाड्यापाड्यांवर हिंडून त्यांनी माहिती गोळा केली. कोयना धरणात ज्यांची गावे गेली त्या लोकांची त्यांनी आणि जाई निंबकर यांनी पाहणी केली. ती १९६९ साली छापली गेली. धरण झाले हे सगळ्यांना कळते. उठलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे कुणीतरी घरी जाऊन विचारावे लागते. हे काम मानवशास्त्राचे.

आपल्या मुलाला, मुलीला हे शिकता येईल का?

येईल. वाट अशी आहे.

आधी दहावी आणि बारावी. कोणतीही शाखा चालते. नंतर पदवी. त्यानंतर दोन वर्षांचे एम.ए. पुरातत्त्वाचे एम.ए. डेक्कन कॉलेजात होते. नागपूर विद्यापीठातही प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे. मानवशास्त्राचा विभाग पुणे विद्यापीठात आहे. पुढे दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या सरकारी खात्याची संस्था आहे. तेथे दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम चालतो.

विज्ञान शिकलेल्यालाही येथे काम आहे. जळके दाणे ओळखायला वनस्पतींचे ज्ञान लागते. हाडे ओळखायला प्राण्यांचे ज्ञान लागते. गंजलेले तांबे साफ करायला रसायन लागते. ज्याने लहानपणी गुरे राखली त्याला बैलाचे हाड आणि शेळीचे हाड शहरातल्या मुलापेक्षा लवकर ओळखू येईल.

पैशाची अडचण असेल तर सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. शाळेत किंवा कॉलेजात चौकशी करावी. मुदत चुकवू नये.

पोट भरेल का?

कुणी म्हणेल, "खापरं बघून का कुणाचं पोट भरतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही खरे दिले पाहिजे.

नोकऱ्या आहेत, पण थोड्या आहेत. केंद्र सरकारचे पुरातत्त्व खाते १८६१ सालापासून आहे. मानवशास्त्राचे केंद्रीय खाते १९४५ साली निघाले. महाराष्ट्र सरकारचे पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालयांचे खाते आहे. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. विद्यापीठांत शिकवण्याच्या जागा असतात. नकाशे काढणारे, फोटो घेणारे, जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे, संग्रहालय सांभाळणारे, हेही लागतात. मानवशास्त्र शिकलेल्याला आरोग्याच्या आणि पुनर्वसनाच्या पाहण्यांत काम मिळते. सरकारी जागांसाठी बहुधा स्पर्धा परीक्षा द्यावी लागते, आणि एका जागेला उमेदवार पुष्कळ असतात.

म्हणून ज्याला लवकर कमाई हवी त्याने आधी विचार करावा. ज्याला आवड आहे, उन्हात बसायची तयारी आहे आणि वाचनाचा कंटाळा नाही, त्याला घरच्यांनी अडवू नये. मुलीलाही अडवू नये. इरावतीबाई ज्या काळात गावोगाव हिंडल्या तो काळ आजच्यापेक्षा कठीण होता.

गावाने काय करावे?

१. टेकाडाची माती नेऊ नये. नेत असतील त्यांना समजवावे.

२. नांगरताना, विहीर खणताना जुनी वस्तू लागली तर तेथेच थांबावे. जागेवर खूण करावी. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवावे.

३. पुरलेले धन सापडले तर लपवू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे. कळवणाऱ्याच्या वाट्याचाही विचार त्या कायद्यात केला आहे.

४. गावाजवळ उत्खनन चालू असेल तर शाळेतल्या मुलांना ते दाखवावे. काम असेल तर मजुरीला जावे. नीट लक्ष दिले तर मजुरालाही थर ओळखता येऊ लागतात.

राजांच्या गोष्टी बखरींत सापडतात. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांच्या गोष्टी पांढरीच्या मातीत सापडतात. त्या वाचणारे आपल्यातूनच तयार झाले पाहिजेत. ते तयार होईपर्यंत ती माती जागेवर राहिली पाहिजे.

आठवून सांगा

१. काळी आणि पांढरी यांत फरक काय?
२. टेकाडातला खालचा थर जुना का असतो?
३. इनामगावची घरे पुढे लहान का झाली असावीत?
४. दायमाबादच्या वस्तू किती जुन्या, याबद्दल वाद का झाला?
५. तुमच्या गावाजवळ जुने टेकाड आहे का? त्याला काय म्हणतात? म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत चार ओळी लिहा.