विसातला एकच तर गेला

माझ्या भाच्याने मला मॅजिक शिकवलं आणि हरवून हरवून शिकवलं. ताई बेलव्ह्यूला राहते, सिअ‍ॅटलहून तळं ओलांडलं की. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ काढणारी विझर्ड्स ऑफ द कोस्ट तिथून दक्षिणेला, रेंटनला आहे. त्यामुळे त्या भागातल्या पोरांच्या दप्तरात डबा एक वेळ नसेल, पण डेक असतो. कामानिमित्त मी तीन महिने तिथे होतो. पहिल्याच रविवारी पोराने माझ्यासमोर लाल रंगाचा साठ कार्डांचा डेक ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुला सोपा दिलाय. फक्त मारायचं."

मी मारत होतो. त्याने तिसऱ्या टर्नला एक क्रीचर मांडलं, शॅडोमेज इन्फिल्ट्रेटर. ताकद एक, टणकपणा तीन. 2001 च्या ओडिसी संचातलं हे कार्ड, आणि त्यावरचा चेहरा जॉन फिंकेल या नामांकित खेळाडूचा. स्पर्धा जिंकल्याचं बक्षीस म्हणून त्याला स्वतःचं कार्ड मिळालं होतं. माझ्या हातात लायटनिंग बोल्ट होता, तीन डॅमेजचा, म्हणजे या पाहुण्याला बरोब्बर पुरणारा. पण एकच्या ताकदीच्या किरकोळ माणसावर बोल्ट कशाला वाया घालवायचा? तो मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवू. माझे लाइफ वीस. विसातला एकच तर गेला.

सहा टर्न तो इन्फिल्ट्रेटर येऊन मला टपली मारत राहिला. मी विसावरून चौदावर आलो आणि मनात म्हणत होतो, बरं चाललंय. त्याच्या हातात मात्र सात कार्डं, माझ्या हातात तो एकटा बोल्ट. शेवटी मोठा राक्षस आला. मी बोल्ट टाकला आणि भाच्याने तो सहज रद्द केला. अडवायची कार्डं त्याच्याकडे ढिगाने होती. कुठून आली? त्या टपलीतून. कार्डावर लिहिलेलं होतं: हे क्रीचर खेळाडूला कॉम्बॅट डॅमेज देईल तेव्हा तू एक कार्ड ओढू शकतोस. सहा टपल्या, सहा कार्डं. मी एका टर्नला एक कार्ड घेत होतो, तो दोन.

आपण मेंढीकोट आणि झब्बूवर वाढलेली माणसं. पानावरचा आकडा मोठा की छोटा, एवढंच बघायची डोळ्यांना सवय. दुर्री म्हणजे दुर्री. या खेळात दुर्रीच्या पोटात चार ओळी छापलेल्या असतात आणि डाव त्या ओळींवर फिरतो. नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच: समोरून येणाऱ्या फटक्याचा आकडा नंतर बघा, फटका बसल्यावर काय होणार ते आधी वाचा. एकच्या ताकदीचं, पण दर फटक्याला कार्ड ओढणारं क्रीचर पाचच्या ताकदीच्या मुक्या बैलापेक्षा जास्त वाईट. बैलावर उतारा मिळतो. कार्डांची गळती लागली की उतारेही समोरच्याच्याच हातात जमत जातात.

वाचायचं म्हणजे शब्द न् शब्द वाचायचा. 1993 च्या पहिल्या संचातल्या हिप्नॉटिक स्पेक्टरवर नुसतं 'डॅमेज' आहे. लढाईत दिलं काय किंवा दुसऱ्या एखाद्या कार्डाने त्याला दुरूनच एक डॅमेज मारायची सोय करून दिली काय, समोरच्याचं हातातलं एक कार्ड न बघता उडतंच. इन्फिल्ट्रेटरवर 'कॉम्बॅट डॅमेज' आहे, तिथे दुरून मारून काही मिळत नाही. 'खेळाडूला' हा शब्द तर सगळ्यात महागात पडतो. खेळाडूऐवजी त्याच्या प्लेन्सवॉकरवर, म्हणजे त्याच्या साथीदाराच्या कार्डावर, हल्ला केलात तर डॅमेज होतो, पण खेळाडूला होत नाही, म्हणून कार्ड नाही. हे मी तिथल्या मॅजिक खेळायच्या दुकानात, अख्ख्या टेबलासमोर शिकलो.

मग 'खेळाडूला' हा शब्द नसलेली कार्डं असतात. उमेझावाज जित्ते हे 2005 चं हत्यार. ते ज्या क्रीचरच्या हातात असेल त्याने कॉम्बॅट डॅमेज दिला, कुणालाही, की हत्यारावर दोन काउंटर चढतात. एक काउंटर काढून समोरच्या क्रीचरला उणे एक करता येतं, हत्यार धरलेल्या क्रीचरला अधिक दोन करता येतं किंवा दोन लाइफ मिळवता येतात. समोरून हे हत्यार घेतलेलं क्रीचर चालून आलं आणि मी शहाण्यासारखा ब्लॉक केला, म्हणजे माझं क्रीचर आडवं घातलं. ब्लॉक केल्यावर डॅमेज माझ्या क्रीचरला झाला, दोन्ही क्रीचर मेले, आणि हत्यार मात्र दोन काउंटर घेऊन टेबलावर शाबूत. ब्लॉक म्हणजे ढाल, हे डोक्यात बसलं होतं. इथे ढालीलाच चरा पडला की काउंटर. मॉडर्न हा खेळप्रकार 2011 मध्ये सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या बंदीच्या यादीतही हे कार्ड होतं. त्यामुळे निदान मी एकटाच मूर्ख ठरलो असं वाटलं नाही.

आता माझ्या बाजूच्या चुका. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात पॉपर खेळतात, म्हणजे फक्त कॉमन दर्जाच्या कार्डांचे डेक. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला परवडणारा प्रकार. भाच्याने निंजाचा डेक लावून दिला. निंजा ऑफ द डीप अवर्स, दोनच्या ताकदीचा, त्याच्याही फटक्याला एक कार्ड. गंमत अशी की तो निंजुत्सु नावाच्या चोरवाटेने येतो: तुमचं एखादं क्रीचर ब्लॉक झालं नाही तर ते हातात परत घ्यायचं, दोन मॅना, म्हणजे खेळातली किंमत, द्यायचे, आणि त्याच्या जागी निंजा हल्ला करत हजर.

मी उडणारी छोटी परी पाठवली. समोरच्याने ब्लॉक केला नाही आणि कागदावर वीसचे एकोणीस लिहिले. मग मी ऐटीत म्हटलं, "निंजुत्सु!" जज शांतपणे म्हणाला, निंजा यायला हरकत नाही, पण डॅमेज होऊन गेला आहे. निंजा आला, हल्ला करण्याच्या पवित्र्यात उभा राहिला आणि कुणालाही न मारता तसाच उभा. वरात निघून गेल्यावर मांडवात पोचलेल्या नवरदेवासारखा. लढाईचे पाच टप्पे आहेत: सुरुवात, हल्ला जाहीर, ब्लॉक जाहीर, डॅमेज, शेवट. निंजाची वेळ तिसऱ्या टप्प्यात, ब्लॉक ठरल्यावर आणि डॅमेजच्या आधी. तेव्हा ब्लॉक ठरले की समोरच्याला सरळ सांगा, "थांब, अजून डॅमेज नाही." तो लाइफ खोडायला पेन उचलतो, त्याआधी.

दुसऱ्या डावात निंजा वेळेवर आला, फटका बसला, अठरा झाले. आनंदाच्या भरात मी जमीन ठेवली, पुढचं क्रीचर टाकलं आणि मग कार्ड ओढायला हात पुढे केला. जज पुन्हा तोच. कार्डावर 'ओढू शकतोस' आहे, 'ओढ' नाही. वेळेवर ओढलं नाही म्हणजे नको होतं असं धरायचं. समोरच्या मुलाने आठवण का करून दिली नाही, हा माझा प्रश्न. त्याने करायलाच हवी असा नियमच नाही. आपला ट्रिगर, म्हणजे फटक्यामुळे लागू होणारी कार्डावरची ओळ, आपण लक्षात ठेवायचा. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, बरोबर आहे, भाजीवाल्याकडे सुटे पैसे विसरलो तर तो काय घरी आणून देणार आहे का! त्या दिवसापासून हल्ल्याला निघताना मी माझ्या डेकवर एक रुपयाचं नाणं ठेवतो. कार्ड ओढायचं असेल त्याशिवाय ते नाणं हलत नाही.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. समोरच्याने निंजाला ब्लॉक केलं. मी बोल्टने तो ब्लॉकर उडवला आणि म्हटलं, वाट मोकळी. मोकळी होत नाही. एकदा ब्लॉक झालेलं क्रीचर ब्लॉकर मेला तरी ब्लॉक झालेलंच राहतं, खेळाडूपर्यंत पोचत नाही. ट्रॅम्पल, म्हणजे ब्लॉकरला पुरून उरलेला डॅमेज पलीकडे नेणारी क्षमता, असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ब्लॉकर गेला की सगळा डॅमेज पलीकडे जातो. उडवायचं तर ब्लॉक जाहीर व्हायच्या आधी उडवा.

बचाव करणाऱ्यालाही वेळेचंच भान हवं. फटका बसून ट्रिगर लागल्यावर ते क्रीचर मारून काही हाती लागत नाही. मारेकरी मेला तरी त्याचं कार्ड ओढणं होतंच. मारायचं तर डॅमेजच्या आधी. डबल स्ट्राइकवाल्याला तर कधीच पुढच्या टर्नवर ढकलू नका, तो दोनदा डॅमेज देतो आणि ट्रिगरही दोनदा लागतो. मात्र डॅमेज शून्य झाला किंवा पूर्ण अडवला गेला तर ट्रिगर लागतच नाही, हे विसरून मी एकदा उगीचच डाव सोडून दिला होता. ती हार मात्र कुणाच्या माथी मारता येत नाही.

परत यायच्या आदल्या रात्री भाच्याशी शेवटचा डाव. तिसऱ्या टर्नला त्याने पुन्हा इन्फिल्ट्रेटर मांडला आणि माझ्याकडे बघत बसला. मी क्षणभरही थांबलो नाही, बोल्ट टाकला. "शिकलास की मामा," म्हणाला. पुढच्या टर्नला त्याने दुसरा इन्फिल्ट्रेटर ठेवला. एका डेकमध्ये चार चालतात.