मुंबईला दोन दिवस

चुलते लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपापर्यंत. काकू अजून चाळीतल्या त्याच खोलीत राहतात. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी गडहिंग्लजहून माझी एक फेरी होतेच. खाल्लेल्या ठेचांतून शिकलेलं हे एवढं.

१. आधी वार बघा. पुतण्याला हौसेनं राणीच्या बागेत नेलं, तर फाटकाला कुलूप. बुधवार! शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. १८७२ साली उघडलेली ती देखणी वास्तू आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. घारापुरीला सोमवारी सुट्टी. आणि रविवारी मेगाब्लॉक.

२. किती लांब हे विचारू नका, पश्चिम रेल्वे की मध्य ते विचारा. परळ मध्यला, त्याला खेटून असलेलं प्रभादेवी पश्चिमेला. दादर दोन्हींवर, पण तिथले फलाट क्रमांक डिसेंबर २०२३ पासून बदललेत: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ पासून पुढे. काकूंना हे अजून मान्य नाही.

३. धीमी की जलद, हेही बघा. गिरगावला जायचं म्हणून दादरला चर्चगेट जलदमध्ये घुसलो. चर्नी रोड डोळ्यांदेखत मागे गेलं. "स्लो पकडायची ना, मास्तर," शेजारचे गृहस्थ पेपरातून मान वर न काढता म्हणाले. आता भुयारी मेट्रोचं गिरगावलाच स्टेशन झालंय.

४. गिरगाव पायीच. खोताची वाडी, मग केशवजी नाईक चाळ. इथला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा. एरवी मात्र ती चारचौघांसारखी चाळ. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या असतात, फोटो काढताना जरा भान ठेवावं.

५. नातेवाइकांना अर्धा दिवस द्या. "पाच मिनिटं टेकतो" हे चाळीत चालत नाही. काकू म्हणणार, "आलास तसा जेवूनच जा," आणि तोवर शेजारणीनं वाटीभर सोलकढी आणून ठेवलेली असते. मी पूर्वी घड्याळ बघायचो. आता त्या दिवशी दुसरं काही ठरवतच नाही.

६. मसाला सकाळी टाका. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या आपण निवडायच्या, त्यांनी भाजायच्या, डंखावर कुटायच्या. शिंका देऊन देऊन डोळ्यांतून पाणी येतं. उन्हाळ्यात तर रांगच लागते. एकदा दुपारी चारला गेलो, तर "उद्या या" म्हणाले, आणि माझी गाडी त्याच रात्रीची! तेव्हापासून सकाळी मिरच्या टाकतो, मग चिवडा गल्ली, मग काकूंकडे जेवण, आणि संध्याकाळी गरम पिशवी ताब्यात.

बायको हसते. संकेश्वर आमच्या दाराशी, आणि मी संकेश्वरी मिरचीचं तिखट लालबागहून आणतो! गेल्या खेपेला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये पिशवी बर्थखाली सरकवली. कल्याण यायच्या आत समोरच्या मावशींना दोन शिंका आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी विचारलं, "लालबाग ना?"