लोक बघतात, बोलतात. मी काय करू?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. सेलूहून परभणीला एसटीने जाताना गर्दी झाली, की तो कानांवर हात ठेवून ओरडतो. कुणी म्हणतं, ‘धाक नाही’, कुणी विचारतं, ‘पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतं का?’ आता लग्नकार्यालाही जाववत नाही. – एक आई, सेलू

उत्तर : ताई, आधी ग्रहणाचं ओझं मनातून उतरवा. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. ग्रहणाने किंवा लाडाने ती होत नाही. त्याचं ओरडणंही हट्ट नव्हे, कर्कश हॉर्न आणि गोंगाट त्याला खरोखर सोसत नाही.

अशा वेळी पहिलं लक्ष लेकराकडे, लोकांकडे नंतर. एकच वाक्य पाठ ठेवा : “त्याला आवाजाचा त्रास होतो, थोडी जागा द्या.” हे कंडक्टरला चढतानाच सांगितलं तर उत्तम. प्रत्येकाला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. लोकांच्या समाधानासाठी त्याला मारू मात्र नका. लग्नाला बँड सुरू होण्याआधी जा, अर्धा तास थांबा, जेवून निघा. घरात कोंडून घेतलंत तर गर्दीची सवय त्याला होणार कशी?

डोकं आपटणं, स्वतःला चावणं सुरू झालं तर डॉक्टरांना दाखवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचाही समावेश आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं त्यानुसार गुन्हा आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल, तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.