प्रकाशाची करवत

बहिर्वक्र भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. लेसर कटर हे यंत्र याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की येथे सूर्यप्रकाशाऐवजी लेसरचा झोत असतो आणि भिंग संगणकाच्या आज्ञेनुसार सरकते. ॲक्रिलिक, प्लायवूड, पुठ्ठा, कापड यांतून हवा तो आकार काही मिनिटांत कापून निघतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ ही सामायिक कार्यशाळा उभी राहिली. अशा कार्यशाळेत एकच यंत्र अनेक जण वापरतात. एकाने केलेली हयगय दुसऱ्याला भोवते. म्हणून यंत्र कसे चालते आणि त्याची निगा कशी राखावी, हे दोन्ही एकत्रच शिकले पाहिजे.

न दिसणारा झोत

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीपासून बनवला. कापण्याच्या यंत्रांत मात्र बहुधा कार्बन डायऑक्साइड लेसर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

या लेसरच्या काचनळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम यांचे मिश्रण असते. विजेमुळे नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात आणि आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. हे रेणू १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.७ मायक्रोमीटर असते. म्हणजे कापणारा झोत आपल्याला दिसतच नाही! काही यंत्रांत दिसणारा लाल ठिपका केवळ जागा दाखवण्यासाठी असतो. खरा झोत त्वचा भाजतो आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला इजा करतो. झाकण उघडताच झोत बंद करणारी कळ यंत्रात असते, ती याचसाठी. ती कधीही निकामी करू नका.

थोडे गणित

४० वॉटचा विजेचा दिवा खोलीभर उजेड पाडतो, पण कागदही कापू शकत नाही. ४० वॉटचा लेसर मग प्लायवूड कसे कापतो?

समजा, भिंगाने झोत ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला. ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३१ चौरस मिलिमीटर झाले. ४० ला ०.०३१ ने भागा. दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,३०० वॉट! भर दुपारच्या उन्हात हाच आकडा साधारण ०.००१ वॉट असतो. म्हणजे ठिपक्यावरील तीव्रता उन्हाच्या सुमारे १३ लाख पट झाली. आता भिंगाची उंची चुकली आणि ठिपक्याचा व्यास दुप्पट झाला, तर क्षेत्रफळ चौपट होईल आणि तीव्रता एक-चतुर्थांश उरेल.

काल तुटलेली ३ मिलिमीटरची ॲक्रिलिक पट्टी आज त्याच शक्तीवर तुटत नाही, असा अनुभव कार्यशाळेत नेहमी येतो. अशा वेळी अनेक जण घाईने शक्ती वाढवतात. हे चूक आहे. आधी भिंगाची उंची तपासावी, मग भिंग आणि आरसे स्वच्छ आहेत का ते पाहावे. भिंगावरची काजळी झोताचा काही भाग शोषून घेते आणि तापते. अशा वेळी शक्ती वाढवली तर भिंगच तडकण्याचा धोका असतो.

भिंगाची निगा

साधी काच हा अवरक्त प्रकाश शोषून घेते. म्हणून येथे झिंक सेलेनाइडचे पिवळसर भिंग वापरतात. ते साफ करण्यापूर्वी यंत्राचा वीजपुरवठा बंद करावा. भिंगाच्या मऊ कागदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, न दाबता, एकाच दिशेने पुसावे. बोट लावू नये, तोंडाने फुंकर मारू नये. भिंग फुटल्यास तुकड्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यातील सेलेनियम विषारी असते.

नळीला दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेत जातो. ही उष्णता वाहून नेण्यासाठी नळीभोवती ऊर्ध्वपातित पाणी खेळवतात. पाणी वाहत असल्याची खात्री केल्याशिवाय झोत सुरू करू नये, नाहीतर नळी तडकते. नळीला हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. म्हणून तिचा कप्पा जाणकारानेच उघडावा.

काय कापू नये?

पीव्हीसी, म्हणजे व्हिनाइल आणि बऱ्याच प्रकारचे रेक्झिन, यंत्रात कधीही घालू नये. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतो. ते तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू फुप्फुसांना घातक असतो आणि ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो. त्याने यंत्राचे लोखंडी भाग गंजतात. ज्या प्लास्टिकचे नाव माहीत नाही, ते कापायचे नाही, हा नियम सरळ पाळावा.

ॲक्रिलिक कापताना निघणारी वाफ ज्वालाग्राही असते. म्हणून कापाच्या जागी हवेचा झोत सोडतात आणि पंख्याने धूर बाहेर काढतात. जाळीखाली पडलेले बारीक तुकडेही पेट घेतात. ते रोज काढावेत. यंत्र चालू असताना जागा सोडून जाऊ नये, दोन मिनिटेसुद्धा! जवळ कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक असावे. भुकटीचे अग्निशामक आग विझवते, पण भुकटी भिंगावर आणि सरकपट्ट्यांवर बसते.

काम संपल्यावर नोंदवहीत पदार्थ, जाडी, शक्ती, वेग आणि आढळलेला दोष लिहावा. यंत्राचा कस हळूहळू उतरत असेल, तर तो नोंदवहीतूनच कळतो.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली १०० मिलिमीटर लांबीचा आयत काढा, त्याचे १० समान भाग पाडा आणि सर्व रेषा कापा. दहाही तुकडे एकमेकांना चिकटवून लांबी मोजा. ती ९८ मिलिमीटर भरली, तर २ मिलिमीटर पदार्थ वाफ होऊन गेला. त्याला १० ने भागा. कापाची रुंदी ०.२ मिलिमीटर मिळेल. खाचेत घट्ट बसणारे सांधे करताना हा आकडा हिशेबात धरावा लागतो.

विचार करा

१. कापाच्या ११ रेषा असूनही आपण १० नेच का भागले?

२. हा लेसर ॲक्रिलिक कापतो. तरीही बऱ्याच यंत्रांच्या झाकणाची खिडकी ॲक्रिलिकचीच असते. आत विखुरलेल्या प्रकाशापासून ती आपले रक्षण कसे करते? ती स्वतः का कापली जात नाही?