दुसऱ्या बोअरची आरएक्स

माझा भाचा झाशी छावणीत, सदर बाजारात वाढला. त्याची आरएक्स १०० मोटरसायकल टाकी रिकामी करून झेलम एक्सप्रेसच्या पार्सल डब्यातून पुण्याला आणली, ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीसाठी. वर्ग होता स्टॉक, १०० सीसीपर्यंत. पोरगा दुसरा आला. तिसऱ्याने हरकत घेतली, तपासनिसांनी हेड उतरवलं आणि गाडी बाद झाली. पिस्टनच्या डोक्यावर ०.५० असा शिक्का होता.

या गाडीचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. म्हणजे ९८ सीसी. सिलिंडर झिजला की खरादवाला पाव मिलिमीटर बोअर मारतो आणि ओव्हरसाइज पिस्टन बसतं. पहिल्या बोअरला ९९ सीसी भरतात, दुसऱ्याला शंभरी ओलांडली जाते. गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. एकदाही बोअर न मारलेली आरएक्स आज शोधून सापडायची नाही.

झीज भरून काढणं ही दुरुस्ती, असं माझं ठाम मत आहे. पोर्ट घासणं किंवा हेड तासणं ही गोष्ट वेगळी. टू-स्ट्रोकची ताकद पोर्टच्या उंचीत असते. एक्झॉस्ट पोर्ट मिलिमीटरभर वर नेलं की वरच्या आरपीएमला गाडी भलतीच पळते, आणि बाहेरून काही कळत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या बोअरने सीसी वाढतात जेमतेम दोन टक्के. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या स्टॉक वर्गात अशा बोअरला मोजून सूट असते. आमच्या नियमांच्या कागदावर बोअरबद्दल अवाक्षर नव्हतं. सीसीचा आकडा होता, तोच तपासनिसांनी धरला.

तेव्हा गाडी पार्सलला टाकण्याआधी हेड उतरवा, पिस्टनवरचा शिक्का पाहा, बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजून घ्या. जुन्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका. आयोजकांना लेखी विचारा: ओव्हरसाइज कितीपर्यंत चालेल? सीसी मूळ धरणार की मोजून? दुसऱ्या कंपनीचं पिस्टन चालेल का? पोर्टची उंची तपासणार का? ‘कंपनीतून आली तशी हवी’ एवढंच उत्तर आलं, तर प्रवेश फी भरू नका.

आणि चाचणीसाठी छावणीचे सरळ रस्ते वापरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ शर्यतीइतकंच विनापरवाना वेगाच्या चाचणीलाही लागतं, आणि पहाटे त्याच रस्त्यांवर जवान पळत असतात.