मुशी, मांदेली आणि समुद्रातला पारा

बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण करण्याची पद्धत आपल्या परळ-नायगावच्या चाळींत अजून आहे. सासू मायेने बाजारातून मुशी आणते. त्याबद्दलच आम्हाला बोलायचे आहे, पण आधी मासा काय सांगतो ते पाहू.

समुद्रात पारा, शिसे, कॅडमियम किती हे बाटलीभर पाण्यावरून नीट कळत नाही. भरती-ओहोटीबरोबर प्रमाण बदलते, आणि बाटली त्या घटकेपुरतेच सांगते. मासा मात्र महिनोन् महिने त्याच पाण्यात राहतो, खातो आणि धातू अंगात साठवतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे कल्ले, यकृत आणि मांस वेगवेगळे तपासतात. मासा पोहून दूर जातो, ही अडचण. एकाच जागेची परीक्षा करायची तर खडकाला चिकटलेली कालवे, शिणाणे किंवा चिखलातली निवटी बरी. दादरच्या उत्तरेला माहीमच्या खाडीत मिठी नदी कुर्ला-धारावीकडचे सांडपाणी आणून सोडते. तिथली कालवे कुणी फुकट दिली तरी आम्ही घरी नेणार नाही. भाऊच्या धक्क्यावर उतरणारी मासळी बहुतेक दूरच्या समुद्रातली, तिची गोष्ट वेगळी.

जपानमधील मिनामाता येथे एका रसायन कारखान्याचा पारा समुद्रात गेला. आधी मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचून मेली, मग १९५६ साली माणसांतला आजार नोंदला गेला. झळ बसली मासेमार कुटुंबांना. कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, तरी त्यांची मुले अपंग जन्मली, कारण पारा वारेतून गर्भात उतरला होता.

लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो तसा पारा वर वर साठत जातो. मुशी शिकारी मासा, वर्षानुवर्षे जगणारा. पारा तिच्या मांसातच मुरतो. धुऊन, तळून, उकळून तो जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि लहान मुलांना शार्क, म्हणजे आपली मुशी, टाळायला सांगितले आहे.

मासे सोडा असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या ताटात एवढे चांगले प्रथिन दुसरे कुठे मिळणार? मांदेली, बोंबील, तारली आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल करा. साफ करताना आतडी, यकृत, कल्ले काढून टाका, शिसे-कॅडमियम तिथे जास्त असते. आणि दूध वाढते ते बाळाला वारंवार पाजल्याने. सासूबाईंना हे पटत नसेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाही दवाखान्यात सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.